गावदेवी दुसऱ्या ओळीत

काल्हेरच्या केसरीनाथ म्हात्रेला गोडाऊनमध्ये नोकरी कशी लागली, हे कोणी विचारायची गरजच नाही, कारण तो आपणहून सांगतो. जमीन त्याची, वर गोडाऊन कंपनीचं, आणि करारात एक कलम असं की घरातल्या एका माणसाला कायमची ड्युटी. या पट्ट्यातली निम्मी गावं अशीच कामाला लागली आहेत. कोणी गेटवर, कोणी वजनकाट्यावर, कोणी नुसताच खुर्चीवर. केसरीनाथ पहिली तीन वर्षं गेटवर होता. येणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत लिहायचे, एवढंच काम. पण पानाच्या माथ्यावर 'श्री गावदेवी प्रसन्न' लिहिल्याशिवाय त्याने एकही नंबर कागदावर उतरवला नाही. त्याच्या घरात आजोबांपासून ती रीत होती. वाण्याकडे पाठवायची चिठ्ठीसुद्धा देवीच्या नावाने सुरू व्हायची आणि खाली पाव किलो तूरडाळ असायची.

ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर होता. तो इतका जुना की नेहमीचं विंडोज त्याच्यावर धापा टाकायचं, म्हणून कंपनीच्या एका इंजिनियरने त्यात लिनक्स घातलं आणि तीन महिन्यांत दुसरी नोकरी धरून तो पुण्याला गेला. मागे उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. त्या रेघेसमोर बसायला कोणी तयार होईना. केसरीनाथ तयार झाला. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हतं, गेटवर ऊन होतं आणि ऑफिसात एसी होता. इंजिनियरची एक वही ड्रॉवरमध्ये सापडली, बाकीचं मोबाईलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं, आणि दहावीला गणितात दोनदा गचकलेला हा माणूस वर्षभरात त्या काळ्या पडद्यावर फडाफड हुकूम सोडायला लागला.

मग त्याने फाइली लिहिल्या. फाइल म्हणजे मशीनला द्यायच्या हुकुमांची यादी. एकदा नीट लिहून ठेवली की रोज तेच ते टाइप करायला नको. अशा सहा फाइली झाल्या. पाच साध्या होत्या: गेटपास, मालाची यादी, असल्या. सहावी मात्र त्याच्या काळजाचा तुकडा. ती लेबलं काढायची, आणि नुसती काढायची नाही, तर कोणता खोका कोणत्या गावी उतरायचा ते बघून क्रमाने काढायची. खारबावचा माल आत आणि पडघ्याचा दाराशी, असा घोळ तिच्या राज्यात कधी झाला नाही. पाच फाइली त्याने मशीनच्या रोजच्या भाषेत लिहिल्या होत्या, त्या भाषेला शेल म्हणतात. लेबलाची एकटी पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेत होती. आणि सहाच्या सहांच्या पहिल्या ओळीत, अर्थातच, श्री गावदेवी प्रसन्न. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचून सोडून देतं, हे त्याला वहीतच सापडलं होतं. देवीही राहिली आणि कामही अडलं नाही.

आता गोम अशी की या फाइली फक्त केसरीनाथच चालवू शकायचा. कुठली फाइल कोणाला वाचायला द्यायची, हे त्याच्या डोक्यात. शेलची असेल तर शेलचं नाव घ्यायचं, पायथनची असेल तर पायथनचं, आणि त्यापुढे फाइलचा अख्खा पत्ता, पार मुळापासून: स्लॅश होम, स्लॅश केसरी, स्लॅश काम, आणि असं बरंच. एक अक्षर चुकलं की मशीन तोंड फिरवायचं. केसरीनाथ तो पत्ता न बघता, एका दमात टाइप करायचा आणि शेवटचं बटण जरा जोरातच दाबायचा. ट्रकचे ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात घेऊन बघत उभे राहायचे. मॅनेजर विपुलशेठ बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, "ये हमारा केसरीभाई. हा नसला तर गोडाऊन बंद." हे वाक्य ऐकताना केसरीनाथ पडद्याकडे बघत असल्याचं नाटक करायचा, पण कान लाल व्हायचे.

त्या वाक्याची किंमत मात्र घरच्यांनी मोजली. पुतण्या प्रितमच्या साखरपुड्यात अंगठ्या घालायच्या वेळी केसरीनाथ डॉकला, म्हणजे माल भरायच्या ओट्याला, लागलेल्या गाडीची लेबलं काढत होता. बहिणीच्या घरभरणीला जेवणाच्या पंगतीतून उठला. एकदा तर गणपतीची आरती अर्धवट टाकून, कपाळावर गुलाल तसाच घेऊन गेला, आणि ड्रायव्हरांनी त्याला प्रसाद मागितला. रजा टाकली तरी तीच तऱ्हा. फोन वाजायचा, स्कूटर निघायची, आणि काल्हेरच्या रस्त्यावर कंटेनर अडकलेले असले की दहा मिनिटांच्या अंतराला दीड तास लागायचा.

त्याच्या मुलीचं नाव पूर्वी. ती ठाण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा साड्या, दागिने, बँजो यातलं काही मागायच्या आधी तिने बापाला समोर बसवलं.

"पप्पा, मला एकच पाहिजे. हळदीला आणि लग्नाला तुम्ही मांडवात पाहिजे. फोन आला आणि स्कूटर निघाली, तर मी पाटावरून उठेन. सांगून ठेवते."

"आगं, पन गारी लागली त लेबला कोन काहारनार?"

"रंजिता काढेल."

रंजिता वडप्याच्या बाजूच्या गावातली. पॅकिंगला लागली होती, मग हाताने चपळ म्हणून ऑफिसात आली. दोन वर्षं केसरीनाथच्या शेजारी बसून ती नुसते गेटपास वाटायची. शिकायची तिला हौस होती, पण केसरीनाथ टाइप करताना त्याचा खांदा नेमका तिच्या आणि पडद्याच्या मधे यायचा. मुद्दाम करायचा असं नाही. मुद्दाम नव्हतं असंही कोणी शपथेवर सांगणार नाही.

पूर्वीने त्याला युक्ती सांगितली ती अशी. फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह टाकायचं आणि पुढे ही फाइल कोणी वाचायची त्याचं नाव. मग फाइलला चालायची परवानगी द्यायची. मग ती ज्या फोल्डरात आहे, तो मशीनला दाखवून ठेवायचा, म्हणजे मशीन आपणहून तिथे शोधायला जातं. एवढं केलं की पत्ता नको, वाचणाऱ्याचं नाव नको. नुसतं 'लेबल' टाइप करायचं, की फाइल पळाली.

"कोनी पन टाकला तरी?"

"कोणीही."

जेवताना केसरीनाथने भात परत घेतला नाही, म्हणून पूर्वीच्या आईला वाटलं माशाचं कालवण बिघडलं. कालवण झकास होतं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की रंजिता इंग्रजीतली पाच अक्षरं टाइप करते आहे, ड्रायव्हर चहा पीत बाहेरच उभे आहेत, आणि विपुलशेठ पाहुण्यांना दुसरंच काही दाखवत आहेत. त्याला भीती वाटली, खरीखुरी. बारा वर्षांत कमावलेलं सगळं एका उद्गारचिन्हात जाणार होतं.

तरी त्याने काम केलं, कारण पोरीला शब्द दिला होता. पहिल्या दिवशी त्याने परवानगी दिली ती फक्त स्वतःला. पूर्वीने घरी फोटोत ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, मालक तुम्हीच, आणि चालवायची परवानगीही तुम्हालाच! बाकीच्यांना पण द्या ना." दुसऱ्या दिवशी त्याने बाकीच्यांनाही दिली आणि मशीनला तो फोल्डरही दाखवला. मग सहाही फाइलींत ती नवी ओळ घातली, पण दुसरी म्हणून. पहिली ओळ देवीची. ती जागा कोणा हॅशला आणि उद्गारचिन्हाला द्यायची, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

मग त्याने फाइली चालवून बघितल्या. पाच नुसत्या नावाने पळाल्या. सहाव्या वेळी डॉकवर गाडी लागलेली, ड्रायव्हर घाई करत होता, आणि केसरीनाथच्या बोटांनी बारा वर्षांच्या सवयीने पायथनचं नाव आणि मुळापासूनचा पत्ता टाइप करून टाकला. लेबलं धडाधड निघाली. "झाला!" तो म्हणाला आणि रंजिताच्या हातात कागद दिला. त्यावर सहा नावं होती, एकाखाली एक. माथ्यावर देवी होतीच.

हळदीच्या दिवशी दुपारी चार वाजता मांडव भरला. पूर्वी पाटावर बसली. शेजारी धवलारीण जानकीबाई, जिने काल्हेरच्या तीन पिढ्यांची लग्नं गाऊन लावली. आमच्याकडे धवलारीण म्हणजे गंमत नव्हे. भटजी उशिरा आला तर चालतो, पण हळद लावताना धवले म्हणायला ती नसेल तर कोणी वाटीत बोट घालत नाही. जानकीबाईने गळा साफ केला, पहिला धवला उचलला, आईने हळद लावली, आत्याने लावली. पुढचा नंबर केसरीनाथचा. त्याने वाटी हातात घेतली आणि त्याच्या खिशात फोन थरथरला.

तो थरथरला एवढंच, वाजला नाही. पण मांडवातल्या प्रत्येकाला केसरीनाथचा खिसा पाठ होता. आत्याने तोंड वाकडं केलं. पूर्वी बापाकडे बघत राहिली. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला.

तिसऱ्यांदा त्याने उचलला. रंजिता रडवेली झाली होती. "दादा, लेबल निघंना. तुमी लिवून दिलंय तसंच टाकलं. बाकीचं समदं चाललं. दोन गाड्या लागल्यात डॉकला, शेठ वरडतंय."

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण केसरीनाथने ती मला स्वतः सांगितली. ते ऐकल्यावर त्याला आधी आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. माझ्यावाचून चाललं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच समोर हळदीने माखलेली पोर दिसली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. तरी पाय उठलेच. "पूर्वे, मी जाताव नं लगेच येताव. दहा मिन्टा."

पूर्वीने पाटावर दोन्ही हात टेकले, उठायला. पुढच्याच क्षणी ती थांबली आणि म्हणाली, "स्पीकरवर टाका."

"काय?"

"फोन स्पीकरवर टाका, पप्पा. बसा खाली. रंजिता, मी पूर्वी बोलते. काय लिहून येतंय?"

रंजिता वाचायला लागली. "इम्पोर्ट, कमांड नॉट फाउंड. मंग खाली सिंटॅक्स एरर. अजून लय हाय."

जानकीबाई धवला अर्ध्यात तोडून थांबली. "कोन हाय गं ती? नं हलदीचे टायमाला इंग्लिस कनाला वाचते?"

"थांब आजी, दोन मिनिटं. रंजिता, ती लेबलची फाइल उघड आणि पहिली ओळ वाचून दाखव."

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला. मग रंजिताने अगदी देवळात उभी राहून वाचावं तसं वाचलं, "हॅश. श्री गावदेवी प्रसन्न."

मांडवात दोघातिघांनी सवयीने हात जोडले. पूर्वीने डोळे मिटले. हसू दाबायला मिटले होते, पण ते दाबलं गेलं नाही. "आणि दुसरी ओळ हॅश आणि उद्गारचिन्हाची, ना?"

"व्हय."

पूर्वीने मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बापाला समजावलं. फाइल नुसत्या नावाने बोलावली की मशीन फक्त तिची पहिली दोन अक्षरं बघतं. तिथे हॅश आणि उद्गारचिन्ह, म्हणजे वाचणाऱ्याच्या नावाची ओळ, नसेल, तर ही शेलचीच असेल असं धरून तिला शेलच्या हवाली करतं. पाच फाइली शेलच्याच होत्या, त्या नशिबाने चालल्या. सहावी पायथनची, तिचा एक शब्दही शेलला कळला नाही.

"नशिबान न्हाय," केसरीनाथ पुटपुटला. "त्या देवीच्या कृपेन चालल्या."

"मग हिला का नाही पावली? पप्पा, देवीला एक ओळ खाली घ्यावी लागेल."

केसरीनाथने वाटी खाली ठेवली. इथे त्याचा चेहरा खरोखर उतरला. आजोबांपासून एक कागद असा नव्हता. गोडाऊनसाठी जमीन दिली त्या करारावरसुद्धा वकिलाशी भांडून त्याने माथ्यावर देवी लिहून घेतली होती. "दुसरा कायतरी कर, पूर्वे. तिला खाली न्हाय घेवाची."

"दुसरं काही होत नाही, पप्पा."

फोनमधून हॉर्न ऐकू आला, मग विपुलशेठचा आवाज. तेव्हा जानकीबाईने आपली नऊवारी सावरली.

"केसरी, इकरं बघ. मांडवान आदी कोन बसते?"

"तू बसतेस."

"मंग? आदी धवलारीन बसते, मंग ती देवांना आवतान देते. मी तोंड उघरल्याबिगर तुजी गावदेवी मांडवान येल कशी? पन्नास वरसा माजे मांगून येते, म्हनून काय ती लहान झाली? पयला वाचनारी बसव. देवी येल तिचे पायान."

केसरीनाथ तिच्याकडे बघतच राहिला. बारा वर्षं ज्या मशीनसमोर बसला, ते त्याला सत्तरीच्या बाईने समजावलं, आणि तिने कॉम्प्युटर बँकेत पाहिला असेल तेवढाच. "घे खाली," तो फोनमध्ये म्हणाला.

पण फाइलचा मालक केसरीनाथ. वाचता सर्वांना येत होती, बदलता फक्त त्याला. रंजिताला त्याच्या नावाने आत जावं लागणार होतं, आणि त्याला पासवर्ड लागतो. केसरीनाथने मांडवाकडे नजर टाकली. अडीचशे माणसं कान टवकारून बसली होती.

"उंबरखांड," तो म्हणाला. "नं मंग चौसट. सातबाराचा नंबर."

मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. उंबरखांड म्हणजे म्हात्र्यांचं भाताचं शेत. त्याच्याच वर आता डॉक आहे. "त्या शेतान त मी लावनी केलीय," जानकीबाई हळू म्हणाली. रोज सकाळी त्या सिमेंटच्या ओट्यालगतच्या ऑफिसात बसून केसरीनाथ त्या शेताचं नाव टाइप करत होता, हे बारा वर्षांत घरात कोणाला माहीत नव्हतं. पूर्वीच्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि हळद डोळ्यात गेल्याचं सांगितलं.

पूर्वी एकेक पायरी सांगत गेली. कंट्रोल धर आणि के दाब. देवीची ओळ पडद्यावरून गेली. खालचा बाण. कंट्रोल धर आणि यू दाब. मधल्या दोन सेकंदांत देवी कुठेच नव्हती, आणि तेवढा वेळ केसरीनाथने श्वास घेतला नाही.

"आली," रंजिता म्हणाली. "दुसऱ्या ओळीत आली, दादा. सेव केलं."

"आता नुसतं नाव टाक."

फोनमधून आधी काहीच आलं नाही. मग प्रिंटरची करकर सुरू झाली. ती थांबेना. मागे कोणीतरी शिट्टी मारली, रंजिता हसली, मांडवात टाळ्या पडल्या, आणि बँजोवाल्याला वाटलं आपल्यालाच इशारा झाला, म्हणून त्याने एक तुकडा वाजवून टाकला. जानकीबाईने त्याला दटावलं आणि तुटलेला धवला जिथे सोडला होता तिथून उचलला. केसरीनाथने वाटीत बोटं बुडवली. पोरीच्या कपाळाला, गालांना, हातांना त्याने हळद लावली, सावकाश, कुठेही न जाता. एवढा वेळ त्याने घरातल्या कुठल्याच कार्याला दिला नव्हता, आणि हे त्याला हळद लावता लावता कळलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अक्षता पडताना, जेवणं चालू असताना, व्याह्यांना निरोप देताना केसरीनाथचा हात दहादा तरी खिशाकडे गेला. फोन एकदाही थरथरला नाही. बॅटरी संपली की काय म्हणून त्याने काढून पाहिला. बॅटरी भरलेली होती. तिकडे गाड्या लागत होत्या, भरत होत्या, जात होत्या.

पूर्वी गाडीत बसायच्या आधी त्याच्या गळ्यात पडली आणि बाप हमसून रडायला लागला. "पप्पा, ठाण्यालाच चाललेय. एवढं काय?"

त्याला खरं बोलायचं नव्हतं, आणि खोटं सुचेना. "गोडावनान मना कोनी बोलवत न्हाय आता," तो नाक पुसत म्हणाला.

आजूबाजूची माणसं खो खो हसली. लेक सासरी निघाली आणि हा ड्युटीसाठी रडतो आहे, असं आजही गावात सांगतात. पूर्वी मात्र हसली नाही. तिने त्याच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो पुसला गेला नाही.

"मी बोलवीन ना," ती म्हणाली. "आणि नुसतं नाव नाही घ्यायची. पार मुळापासून, अख्खा पत्ता घेऊन बोलवीन."